मारेनच्या पानावरची गोष्ट

ब्रेकहस, उत्तर डकोटा
५ डिसेंबर, गुरुवार

प्रिय मारेन,

देवाच्या कृपेने आम्ही ठीक आहोत, तूही असशील. थंडी यंदा लवकर आली. काल उणे बावीस होतं. ऑरिनकाकांचं कंबरेचं दुखणं आहे तसंच आहे, पण गोठ्यात जायचं थांबत नाहीत. तुझ्या आईचा रविवारी फोन आला होता, ती बरी आहे. तू दिलेली मांजर आता उंदीर सोडून ओव्हनपुढे झोपते. जाडजूड झाली आहे.

परवाच्या चेकची पावती सोबत जोडली आहे. लेफ्सेच्या पोळ्या विकून अकराशे चाळीस डॉलर झाले आणि पॅनकेकच्या न्याहारीचे आठशे नव्वद. दोन्ही मिळून तुझ्या खात्यावर टाकले आहेत. त्यातला एक सेंटही कुणी मागे घेणार नाही, तेव्हा त्याची काळजी करू नकोस. ते पैसे बायकांच्या हातांचे आहेत. चर्चच्या तळघरात दोन शनिवार आम्ही अकराजणी बटाटे कुस्करत आणि लाटत होतो. थेल्मा रूड नेहमीसारखी माझ्यावर घसरली. "अगं अर्डिस, एवढं जाड लाटतेस, आफ्रिकेत जाऊन पोरीने त्याच्या चपला करायच्यात का?" मग म्हणाली, "आणि नुसतं डॉक्टरांच्या मागे मागे फिरून बघायला साडेचार हजार? माझा नवरा ओल पन्नास वर्षं माझ्या मागे फुकट फिरतोय, तो कुठे डॉक्टर झाला!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मला अभिमान वाटत होता गं. आपल्या घरातलं कुणी हायस्कूलच्या पुढे गेलं नाही, आणि तू टांझानियाच्या इस्पितळात सहा आठवडे डॉक्टरांशेजारी उभी राहणार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसतं "हो हो" करत राहते आणि नंतर भांडी घासताना मला उत्तरं सुचतात. म्हणून लिहिते आहे.

रविवारी उपासना झाल्यावर कॉफीची पाळी माझी होती. किटली घेऊन मी सूचनांच्या फळ्याजवळून जात होते. पाळकबाईंनी तुझं इंटरनेटवरचं मदत मागणारं पान छापून तिथे लावलं होतं, चांगल्या हेतूने. "वाचलंस का अर्डिस? किती हृदयस्पर्शी लिहिलंय पोरीने! चार दिवसांत तीन हजार जमले." मी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं.

तू लिहिलं आहेस की तुझ्या मावशीचं बाळ चाळीस वर्षांपूर्वी बर्फाच्या वादळात गेलं, कारण गावचा एकुलता एक डॉक्टर वेळेवर आला नाही. म्हणून तू डॉक्टर होणार, म्हणजे कुठल्याच आईला वाट बघावी लागू नये.

मागे वळले तर रांगेत डॉक्टर क्वाले होते. त्र्याऐंशी वर्षांचे, हात थरथरतात, म्हणून कप दोन्ही हातांनी धरतात. चाळीस वर्षांपूर्वी गावचा एकुलता एक डॉक्टर कोण होता हे त्या तळघरात कुणाला सांगायला नको होतं. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, "अर्धाच दे." मी ओतला. बाकीचे सगळे साखर शोधत होते, अगदी भिंतीवरसुद्धा.

मारेन, ऑगस्टमध्ये काकड्या बरणीत भरताना मी तुला काय सांगितलं होतं ते तुला पक्कं आठवतं. तू रसायनशास्त्रात नापास झाली होतीस आणि माझ्या ओट्याला टेकून रडत होतीस, की मी डॉक्टर व्हायच्या लायकीचीच नाही. मला तुला काहीतरी द्यावंसं वाटलं. पैसे नव्हते. म्हणून जे माझ्यापाशी होतं आणि कधी कुणाला दिलं नव्हतं, ते दिलं. माणूस मोठी चूक करूनही जगतो, हे तुला कळावं म्हणून. तुझ्या आईला ते माहीत नाही. ऑरिननाही नव्हतं.

सोमवारी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, खरं लिहिलं असतं तर लोकांनी तुला नावं ठेवली असती. मी तुला वाचवलं." आणि थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात: "आणि 'मावशीने फोनच उशिरा केला' हे वाचून पैसे कोण देणार होतं?"

पहिलं वाक्य मी माफ केलं असतं. दुसरं माझ्या कानातून जात नाही.

आता ऑगस्टमध्ये जे कुजबुजत सांगितलं ते लिहून काढते. लिहिलं की ते माझं होईल.

सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. ऑरिन परगण्याच्या गाडीवर रस्त्यांचं बर्फ काढायला गेले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एकदा डॉक्टरांना उगीच बोलावलं होतं, खोट्या कळा होत्या. ते आठ मैल आले, कॉफी प्यायले, हसत परत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपल्याकडे लहानपणापासून एकच शिकवण: कुणाला त्रास द्यायचा नाही. बायबलमध्ये ती कुठेही नाही, पण आपण ती आज्ञेसारखी पाळतो. म्हणून मी ठरवलं, पक्की खात्री होईपर्यंत फोन करायचा नाही. फरशी पुसली. पाव भाजले. दुपारी चारला फोन केला, तेव्हा मला उभं राहता येत नव्हतं. त्या वादळात डॉक्टर पस्तीस मिनिटांत आले. शेवटचा पाव मैल चालत. माझं बाळ, एव्हन, दोन तास जगलं. पाळकांना यायला जमणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनीच आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी वाडग्यात घेऊन त्याचा बाप्तिस्मा केला. त्यांच्या मिशांवरचं बर्फ वितळून बाळावर पडत होतं आणि ते परत परत पुसत होते.

रात्री ऑरिन आले. त्यांनी विचारलं, "डॉक्टर वेळेवर आला नाही का?" मी म्हणाले, "बर्फ किती होतं." एवढंच. त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं आणि मी समजू दिलं. तेव्हापासून ते साधा खोकला झाला तरी साठ मैलांवरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तेव्हा मारेन, खोटं आधी मी बोलले. तू त्याला पाय दिलेस आणि माझ्या नावाने गावभर भिक्षा मागायला पाठवलंस.

मंगळवारी मी डॉक्टरांकडे गेले. ते बटाटे उकडत होते. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत? परवा नाही, तेव्हाच?"

म्हणाले, "अगं, बाईने घरात सांगितलेलं डॉक्टर गावात सांगत नसतो. पोरीला हे अजून कुणी शिकवलं नाही वाटतं."

मी म्हणाले, "मी लोकांना खरं सांगणार आहे."

"कशाला? मला आता कुठे दवाखाना चालवायचाय! राहू दे माझ्या नावावर. माझ्या नावावर यापेक्षा वाईट गोष्टी आहेत, त्या खऱ्या आहेत." मग बटाट्यात सुरी खुपसून बघत म्हणाले, "पोरगी चांगली डॉक्टर होईल. पण आत्ता नाही."

काल जेवताना ऑरिनना सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी त्या माणसाशी हात मिळवला नाही, अर्डिस." कोट घातला आणि गाडी घेऊन गेले. थेल्माने सांगितलं, गाडी डॉक्टरांच्या घरासमोर तासभर उभी होती, इंजिन चालू. उतरले नाहीत. परत आल्यापासून "मीठ दे" आणि "गायीला बरं आहे" यापलीकडे शब्द नाही. तुझ्यावर तो राग नाही, माझ्यावर आहे. पण दार तू उघडलंस, मला न विचारता, आणि पैशासाठी.

रविवारच्या शाळेत तुला आठवी आज्ञा मीच पाठ करून घेतली होती: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तू सगळ्यांत आधी पाठ केलीस. बक्षीस म्हणून चॉकलेट दिलं होतं मी.

आता काय करायचं ते सांगते. पत्र उद्या पोचेल, पोचताच पान बदल. खरं लिही, माझ्या नावासकट. ज्यांनी ते वाचून पैसे दिले त्या प्रत्येकाला कळव, ज्यांना परत हवे असतील त्यांना परत कर. त्यामुळे टांझानिया हुकलं तर हुकू दे. जाणार असशील तर जा, मी अडवत नाही. पण तिथे कुणी बाई तुझ्यापुढे काही बोलली तर ते तुझ्या कुठल्याच पानावर जाऊ देऊ नकोस.

शनिवारची बस चारला येते. आलीस तर आधी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नंतर. रविवारी चर्चमध्ये सूचनांच्या वेळी मी उभी राहणार आहे. मला लोकांपुढे बोलायची सवय नाही, शाळेत असतानाही नव्हती, पण चार वाक्यं लिहून काढली आहेत. तू शेजारी असलीस तर शेवटचं वाक्य तुझं. नसलीस तर चारही मी वाचेन.

ऑरिन येतील की नाही, माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

देव तुझं रक्षण करो, हे मी मनापासून लिहिते, तुला खरं वाटो न वाटो. पत्राखाली नेहमीसारखं "तुझी मावशी" लिहायला आज हात धजत नाही.

अर्डिस हॉवलँड