शटरबाहेरचा इंजिनिअर

प्रिय नाना,

पत्र लिहायची आपल्या घरात रीत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फोन हाय ना, मग कागद कशाला काळा करतो? पण आता फोन कुठे लावू? उद्या सकाळी गॅरेजातल्या पोपटकाकांना एक उत्तर द्यायचंय आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय ते मला सुचत नाही.

आज खंडेनवमी, तुमच्यामागची पहिलीच. सावेडीहून निघून पहिल्या गाडीने खर्ड्याला आलो. पोपटकाकांनी गॅरेजातले सगळे पाने डिझेलने धुऊन, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले होते, अगदी तुमच्यासारखे. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि ओळीच्या शेवटी, लांब स्क्रू ड्रायव्हरशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीतला माझा ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा कागद. तुम्ही दरवर्षी मांडायचात, म्हणून त्यांनीही मांडला. फार लाज वाटली, नाना.

या कागदापायी विहिरीकडचं अर्धं एकर गेलं, आईच्या पाटल्या गेल्या, हे गावाला माहीत आहे. पण खरी किंमत वेगळीच होती, आणि ती तुमच्याही ध्यानात आली नाही. शाळेतून आलो आणि शटरच्या आत पाय टाकला की तुम्ही खेकसायचात, "हात काळं करू नगं. तुला खुर्चीवर बसायचंय." मग मी बाहेर पोत्यावर बसून गणितं सोडवायचो आणि आत तुम्ही पोपटकाकांना शिकवायचात. इंजिन चालू, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि आवाजावरून बिघाड ओळखायचा. काय ऐकू येतंय? ते चुकले की टपली. ती टपली माझ्या वाट्याला कधी आली नाही. कधी कधी तुमचा इतका राग येतो!

खुर्ची मिळाली, बरं का. शोरूममध्ये, टेबलामागे, वर्षावर्षाच्या करारावर. गिऱ्हाईक म्हणतं गाडी घरघर करते, मी कॉम्प्युटरवर लिहितो, गाडी घरघर करते. मग कागद आतल्या मिस्त्रीकडे जातो. तो दहावी नापास आहे. काय बिघडलंय ते तो मला सांगतो आणि तेच मी गिऱ्हाइकाला इंग्रजीत सांगतो. उसाच्या हंगामाआधी ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा पोपटकाका माझ्या पगारापेक्षा जास्त मिळवतात. तुम्ही मात्र पारावर सांगत सुटायचात की पोरगा कंपनीत गाड्या बनवतो. मी एकदाही खोडून काढलं नाही. कुठल्या तोंडाने काढणार होतो?

चैत्रातला तो दिवस आठवतो? तुमचा उजवा हात अर्धांगाने गेलेला. पोपटकाका बेलापूरला लग्नाला गेले होते आणि नेमका एक टेम्पो आला. तुम्ही खुर्चीतून मला हाक मारलीत, "ये आत." आयुष्यात पहिल्यांदा! मी चप्पल बाहेर काढून आत आलो. तुम्ही डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर पुढे केलात. मी मूठ कानाला लावली. त्या इंजिनाच्या आकृत्या काढून मी फर्स्ट क्लासात पास झालो होतो, नाना. तुम्ही विचारलंत, काय ऐकू येतंय? मी म्हणालो, सगळंच येतंय.

तुम्ही स्क्रू ड्रायव्हर परत मागून घेतलात. मग म्हणालात, "राहू दे. तुझी न्हाई चूक. म्याच बाहेर बसवलं तुला."

टेम्पोवाल्याला उद्या ये म्हणालात. पुन्हा मला आत बोलावलं नाहीत. आषाढात गेलातच.

आज पूजा झाल्यावर पोपटकाका जवळ आले. आता गॅरेज तेच चालवतात. त्यांची वैष्णवी बारावीला आहे. ती प्रसादाचं ताट घेऊन शटरबाहेर उभी होती, पूजेलाही आत आली नाही. काका म्हणाले, "सायेब, पोरीला तुमच्यावानीच डिग्री करायची हाय. जामखेड रोडचा प्लॉट इकायला काढतो. घालू का?" वर कौतुकाने म्हणाले की अजून तिला पान्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

मी म्हटलं, उद्या सांगतो.

काय सांगू? घालू नका म्हटलं, तर तुमचं अर्धं एकर पाण्यात गेलं असं माझ्याच तोंडून होतं. घाला म्हटलं, तर पारावरचं खोटं पुढे चालू. माझ्या वर्गातला एक जण पुण्यात चांगल्या जागी आहे, नाही असं नाही. पण तो दर सुट्टीत चुलत्याच्या गॅरेजात राबायचा. बाकी आम्ही सगळे खुर्च्यांवर, नाहीतर घरी.

उद्या दसऱ्याला काका पूजेतली हत्यारं उचलतील, पहिला ट्रॅक्टर चालू होईल. तेव्हा मी त्यांना चैत्रातली ती गोष्ट सांगणार आहे. म्हणेन, प्लॉट काढायच्या आधी पोरीला शटरच्या आत घ्या, तो स्क्रू ड्रायव्हर तिच्या कानाला लावा, मग डिग्रीचं बघा. ते ऐकतील असं वाटत नाही. तुम्हीही ऐकलं नसतंत. पण सांगेन, एवढा शब्द देतो. आणि ओळीतला तो कागद उचलून नेतोय, रागावू नका.

हात अजून स्वच्छ आहेत माझे. तुम्ही सांगितलं होतंत तसेच.

तुमचा,
संदीप