दोन सेकंदांचा बॅकअप

३ मार्च, सोमवार

ही सकाळच्या गाडीने बहिणीकडे गेली. आठ दिवस. बहिणीच्या घरची मागची खोली रिकामी पडली आहे, तिला रंग द्यायचा आहे म्हणे. म्हटलं, मी येतो की, दोन दिवसांत उरकून टाकतो. 'नको,' म्हणाली, 'आम्ही दोघी करू.' करा बापड्यांनो!

घर माझ्या ताब्यात. आता कॉम्प्युटरचं काम काढतो. वर्षभर तो नुसता कण्हतोय. चालू करावा, चहा करून प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटतं. त्यात हल्ली रोज एक सूचना येते – या सिस्टीमचे दिवस भरले, नवीन मशीन घ्या. का म्हणून? चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी. लिफ्ट म्हातारी झाली म्हणून कोणी इमारत पाडत नाही. आतलं पॅनेल बदलायचं, ती पुन्हा वीस वर्षं पळते. तसंच इथे जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकायचं. फुकट आहे, कोणा एकाच्या मालकीचं नाही, आणि जुन्या मशीनवर पळतं.

ही येईल तेव्हा सगळं तयार असेल. मागच्या महिन्यात नाही का, ती नाटकाच्या तालमीला गेली होती तेवढ्यात तिच्या शिवणाच्या खोलीचं दार रंगवून टाकलं. मस्त हिरवं! बघून काही बोलली नाही. आवडलं असणार.

४ मार्च

लेकीचा फोन. सांगितलं तिला बेत.

'आईला विचारलंत का?'

'तिला काय त्यातलं कळतंय?'

'बाबा, कॉम्प्युटर तिचा आहे.'

घरातली वस्तू घराची असते. पण वाद कोण घालणार. 'बरं, निदान आधी बॅकअप तरी घ्या,' म्हणाली. मला शिकवते! मोटर रूमचं कुलूप काढायच्या आधी प्रत्येक मजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटी लावणारा माणूस मी. पाटी लावल्याशिवाय, चार लोकांना सांगितल्याशिवाय एकाही लिफ्टला कधी हात लावला नाही. साहेब लोक घाई करायचे, तरी नाही.

बॅकअप घेतला. हिचं काम म्हणजे नाटक मंडळींचे कपडे शिवणं. आता मोठं नाटक आहे, बावीस नटांची मापं तिने याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली आहेत. तेरा तारखेला कापड येणार, मग बेतणी. पूर्वी वह्या होत्या तिच्या – अठरा. दोन वर्षांपूर्वी मीच बसून सगळं टाइप करून दिलं आणि वह्या रद्दीत घातल्या. किती जागा मोकळी झाली!

तर डेस्कटॉपवर चार खुणा – 'मापं', 'नाटक', 'बेतणी', 'जुनी गिऱ्हाइकं'. चारही उचलल्या, पेनड्राइव्हवर टाकल्या. दोन सेकंदांत काम फत्ते. पेनड्राइव्ह असावा तर असा.

५ मार्च

आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून पाहिलं. आत काही न बसवता चालतं! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. आवडलं तर बसवा, नाहीतर काढून घ्या. आवाज आला, इंटरनेट आलं, पडदा ठणठणीत. मग बसवायला घेतलं.

त्याने विचारलं, सगळी डिस्क पुसून टाकायची का? हो. नक्की? अरे, हो म्हटलं ना!

वीस मिनिटं लागली. जेवून आलो तर तयार.

६ मार्च

काय पळतोय! बटण दाबलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत हजर.

एकदा फसलो. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, मग ती पासवर्ड मागते. मी टाइप करतोय आणि पडद्यावर काहीच नाही – ठिपका नाही, चांदणी नाही. म्हटलं कीबोर्ड मेला. उलटा करून झटकला, चमचाभर कचरा निघाला. शेवटी लिनक्सवाल्यांचा एक मंच आहे इंटरनेटवर, आपले लोक आहेत, तिथे विचारलं. 'कासव' नावाच्या सभासदाने लिहिलं – 'काका, ते मुद्दामच दाखवत नाहीत. टाइप करा आणि एंटर मारा.' मारलं. झालं! कीबोर्डही साफ झाला, तो फायदा वेगळाच.

प्रिंटर जोडला. जुन्या सिस्टीमवर तो चार महिने रुसला होता. इथे एक शब्द न विचारता छापायला लागला. मराठी कळफलकही टाकला हिच्यासाठी, अक्षरं मोठी केली. खूश होईल.

उद्या तिच्या फाइली परत टाकतो, की संपलं.

७ मार्च

पेनड्राइव्हवर काही नाही.

म्हणजे चार फाइली आहेत, पण त्या फाइली नाहीत. नुसत्या रस्ता दाखवणाऱ्या खुणा. खरा माल डिस्कच्या पोटात दुसरीकडेच होता, आणि डेस्कटॉपवर होतं ते फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं चिन्ह. दोन सेकंदांत झालं तेव्हाच कळायला हवं होतं! अठरा वह्यांचा ऐवज दोन सेकंदांत कसा जाईल?

आणि त्या खुणा तिथे लावल्या कोणी? मीच. दोन वर्षांपूर्वी. 'तुला शोधायला नको' म्हणून.

डिस्क तर पुसली. बावीस माणसांची मापं, तिची सगळी बेतणी. वह्या रद्दीत. सहा दिवसांनी कापड येतंय.

जेवण गेलं नाही.

८ मार्च

मंचावर लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं. एकाने अक्कल शिकवली – 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा.' असू दे. कासवाने नीट सांगितलं: 'मशीन आत्ता बंद करा. त्यावर एक अक्षर साठवू नका. पेनड्राइव्हवरून चालवा आणि हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम लावा. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं, जागा फक्त मोकळी म्हणून लिहिलेली असते.'

पुढे लिहिलं होतं, 'पण काका, मिळालेल्या फाइलींची नावं जातात, तारखा जातात. पोटातला मजकूर तेवढा राहतो. आणि कधीकाळी पुसून टाकलेलंही वर येतं. हाताने निवडावं लागेल.'

हाताला काय झालंय माझ्या? लेकीची जुनी बाहेरून जोडायची डिस्क माळ्यावर होती, ती काढली, सापडेल ते तिच्यावर टाकायला. प्रोग्रॅम लावला. चालू आहे. बंद पडलेली लिफ्ट मी आजवर सोडून आलो नाही.

९ मार्च

अकरा हजार चारशे फाइली! नाव एकीलाही नाही. नुसते आकडे. त्यातल्या निम्म्या चित्रांचे तुकडे, उरलेला कचरा. सकाळी आठपासून एकेक उघडतोय.

दुपारी अडीच वाजता पहिलं माप सापडलं. 'वकील. छाती ४०, पोट ४४. सांगतो ४०. ४४च धरायचं.' एकटाच हसलो खुर्चीत बसून.

मग सापडत गेली. 'राणी – उंची कमी, टाचा देणार आहेत, घेर त्या मानाने.' 'धाकटा पहारेकरी – डावा खांदा उतरता. त्याला बोलायचं नाही, कापडात झाकायचं.' टाइप मीच करून दिलं होतं जुनं सगळं, पण या नव्या नोंदी मी कधी वाचल्या नव्हत्या. हिला माणसं दिसतात बरं का नुसत्या मोजपट्टीतून.

नऊ मिळाली. तेरा राहिली.

१० मार्च

एकवीस! फक्त म्हातारा न्यायाधीश सापडत नाही.

मध्येच एक पत्र निघालं. हिचं. मला लिहिलेलं. चार ओळी –

'तुम्हाला सांगायचं होतं, पण समोर बसून जमत नाही. भांडण नाही आपलं काही. पण या घरात मला कोणी विचारतच नाही. मी ताईकडे राहायला जायचं म्हणते आहे.'

एवढंच.

बराच वेळ वाचत राहिलो. मग डोकं चालवलं. तारीख नाही, पण कासवाने सांगितलंच होतं, पुसून टाकलेलंही वर येतं. हे त्यातलंच. मी निवृत्त झालो त्या वर्षीचं असणार. सात वर्षं झाली. तेव्हा दिवसभर घरात बसून मी जरा जास्तच लक्ष घालायचो – भांड्यांची मांडणी बदल, कपाट हलव. वैतागली असेल. लिहिलं असेल, मग स्वतःच पुसलं असेल. पुसलं म्हणजे विचार बदलला. आहे ना ती इथेच?

तिला विचारणार नाही. तिने पुसलेलं मी कशाला उकरू.

संध्याकाळी न्यायाधीश सापडला. बावीसच्या बावीस! बेतणी आणि जुनी गिऱ्हाइकंही वाटेत निघाली होतीच. फाइलींना नावं दिली, फोल्डर केले, जिथल्या तिथे ठेवले. या वेळी दोन ठिकाणी प्रती घेतल्या, आणि उघडून पाहिल्या.

११ मार्च

आली. हाताला पांढरा रंग लागलेला. खोली झाली का रंगवून? 'झाली,' म्हणाली. छान झाली? 'स्वच्छ झाली.'

कॉम्प्युटर दाखवला. बटण दाबून मी घड्याळ बघत उभा. ती पडद्याकडे बघत.

'बदललंत?'

'बघ किती पळतोय. प्रिंटरसुद्धा चालतो!'

'माझी मापं?'

'सगळी आहेत. एकूण एक. उघडून बघ.'

तिने एकेक उघडून बघितली. बावीसही. 'आहेत,' म्हणाली आणि पदराने हात पुसत आत गेली. फाइली गेल्या होत्या ते सांगितलं नाही. कशाला? मिळाल्या ना परत. शेवट गोड ते सारं गोड.

१२ मार्च

मंचावर कासवाचे आभार मानले. त्याने लिहिलं, 'काका, अकरा हजार फाइली हाताने निवडणारा माणूस मी पाहिला नव्हता.' दुपारी दोन नवीन लोकांना मीच पासवर्डचं उत्तर दिलं. म्हटलं, दिसत नाही म्हणून घाबरू नका, टाइप होत असतं.

१३ मार्च

कापड आलं. नाटक मंडळींच्या दोन बाया गठ्ठे घेऊन आल्या. हिने लगेच कॉम्प्युटर लावला, मापं छापली, कागद भिंतीला टोचले. शिवणाचं यंत्र सुरू झालं. महिनाभराचं काम आहे, पण ही म्हणाली, 'तीन आठवड्यांत देते.' एवढी घाई कशाला, विचारलं. 'एकदा संपलं की बरं,' म्हणाली.

मशीन झकास चालतंय. आठ दिवसांत एकदाही अडकलं नाही. उद्या लेकीची डिस्क रिकामी करून टाकतो, उरलेला कचरा बघून.

१४ मार्च

कचऱ्यात तेच पत्र पुन्हा निघालं. पण पुढे लिहिलेलं.

'वह्या रद्दीत घातल्यात तेव्हा बोलले नाही. आता दारही हिरवं केलंत. परक्यांच्या लिफ्टला हात लावताना प्रत्येक मजल्यावर पाटी लावायचात, चार लोकांना सांगायचात. मला कधी सांगितलं नाहीत. ताईकडची मागची खोली रंगवून घेते. नाटकाचे कपडे दिले, की जाईन.'

सात वर्षांपूर्वीचं नाही. दार मी मागच्या महिन्यात रंगवलं. हे पत्र तिने पुसलेलं नव्हतं. ते मी पुसलं, डिस्कबरोबर.

आत यंत्र चालू होतं. दारापाशी गेलो. नेहमी ढकलून आत शिरतो. आज उभा राहिलो आणि बोटाने टकटक केलं.

यंत्र थांबलं. घरात आम्ही दोघंच.

आतून ती म्हणाली, 'कोण आहे?'