बेघर ठरण्याची खटपट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

चि. यज्ञेश्वर यास अक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, तेव्हा उत्तर कळवू नकोस.) अवंतिकेचं पित्त कमी झालं असेल तर तिने लगेच चहा वाढवू नये. पेठ वडगावात सर्वांना सुखरूप ठेव, असं देवाला सांगितलं आहे, पुढचं त्याच्याकडे. माझी प्रकृती उत्तम आहे. बाकी काहीच उत्तम नाही.

आमचे मालक ही इमारत पाडणार आहेत आणि महिनाअखेर मला खोली रिकामी करायची आहे. या वयात, पेन्शन नसलेल्या एकट्या बाईला (आमची शाळा विनाअनुदानित होती, हे तू दर वेळी विसरतोस) खोली देताना लोक आधी भाड्याचं बोलत नाहीत. जवळचं कोण आहे, ते विचारतात. म्हणून मी एका मोठ्या गृहप्रकल्पातल्या लहान घरासाठी अर्ज केला. नियम असा, की बिल्डरने मोठी स्कीम बांधली तर त्यातली काही घरं कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी द्यायची. नियम चांगला आहे. करणाऱ्याने पुढे तिथे जाऊन पाहिलं नसावं, एवढंच.

सोडतीत माझा नंबर लागला. बिल्डरच्या ऑफिसात ऋतुराज नावाच्या, टाय आवळलेल्या तरुणाने काचेच्या पेटीतलं मॉडेल दाखवलं: टॉवर, पोहण्याचा तलाव, कुत्रं फिरवणारी बोटभर बाई. आमची लहान घरांची इमारत कुठे, असं विचारल्यावर त्याने पेटीच्या बाहेर, चहाचा कप होता तिथे बोट ठेवलं. म्हणाला, "मॅडम, ती मॉडेलमध्ये बसली नाही." मग मी प्रत्यक्ष जागा पाहायला गेले. सोबत अंबूबाई होत्या. त्या त्याच टॉवरमधल्या घरांतून पोळ्या करतात आणि त्यांचाही नंबर लागला आहे. वॉचमनने आम्हाला मोठ्या गेटवरून भिंतीला वळसा घालून मागे पाठवलं (पुढेही आमची वाट तीच असणार). टॉवर केव्हाच उभे राहिलेत, बाल्कन्यांत कपडे वाळताहेत. आमच्या इमारतीच्या जागी मात्र पाण्याने भरलेला खड्डा आणि खड्ड्यात दोन म्हशी. त्यांना ताबा मिळालेला दिसला. मी चिडून बोलत राहिले. अंबूबाई खड्ड्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, बांधतील की कवातरी. कुलूप तर आपलं आसंल."

खरा घोटाळा कागदपत्रांच्या वेळी झाला. अर्जदाराच्या नावावर कुठेही घर नसावं, अशी अट आहे. मी प्रामाणिकपणे लिहिलं की पेठ वडगावच्या वडिलांच्या घरात माझा निम्मा हिस्सा आहे. (दिवाळीत मी त्या हिश्शात, म्हणजे फ्रिज आणि शोकेस यांच्या मधे, गादी घालून झोपते, हेही लिहिलं असतं, रकाना लहान पडला.) सोडतीच्या कचेरीतल्या कारकुनाने कपाळाला हात लावला. "ओ बाई, हे लिवायला कुणी सांगितलं हुतं? तुमास्नी घर हाय की." मी त्याला सत्य या विषयावर चार वाक्यं सुनावली. ती त्याने शांतपणे ऐकली आणि मुदत दिली: महिनाभरात तिथलं नाव कमी झालं नाही तर घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. आजवर मला कुणी घरमालकीण म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते घर नाकारायला.

असो. रडगाणं गाण्याची मला सवय नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
लीलाअक्का

ता.क. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तू खिशातून हक्कसोडपत्राचा मसुदा काढतोस आणि मी तो फराळाच्या ताटाखाली सरकवते. तो घेऊन बुधवारी ये; नोंदणी कचेरीत जाऊ. मी सही करणार आहे. मत बदललेलं नाही. वडिलांच्या घरावर मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, हे मी सही करतानाही तुला ऐकवीन. बहिणीने हिस्सा सोडला तर माहेर टिकतं, असं अवंतिका म्हणते. तेही आता कळेल.

आणखी एक. आमची इमारत व्हायला तीन वर्षं लागतील, असं ऋतुराज म्हणतो (म्हणजे पाच). तोवर मला जागा नाही. सही झाली की सामान घेऊन तुझ्याकडे यावं म्हणते. पुस्तकांची दोन कपाटं आहेत, बाकी विशेष नाही. आजवर त्या घरात हक्काने येत होते, म्हणून कधी विचारलं नाही. आता विचारते: येऊ का?