सात मिलीमीटर

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. वन्संचं घर मला लग्नापासून आवडतं, कारण इथे कसलाच वास येत नाही. डेअरीच्या तपासणी खोलीत अकरा वर्षं दूध हुंगून माझं नाक इतकं लाडावलंय की लोकांच्या घरी पाणी प्यायचंही जिवावर येतं. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. त्यांच्याकडे भांडी पुसायची फडकीसुद्धा उकळून वाळत घालतात. नवरा आज जहाजावर रुजू झाला, त्यामुळे महिनाभर माझा मुक्काम इथेच. हिला जप, असं त्याने बहिणीला तीनदा बजावलं. जसं काही मी काचसामान.

ऑपरेशनचं लिहून ठेवते, मागाहून विसरायला होतं. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा आतून खरवडून साफ केलं, आणि गर्भाशयाच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटून बसल्या. परवा त्या सोडवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सोललेल्या दोन जागा समोरासमोर आल्या की चिकटतातच, म्हणून मध्ये आठवडाभर एक छोटा फुगा ठेवलाय. जितकं खरवडावं तितकं जास्त चिकटतं, हेही त्यांनीच सांगितलं. आता रोज दोन निळ्या गोळ्या, अगदी वेळेवर. त्या गोळ्यांनी आतलं अस्तर पुन्हा वाढेल. सात मिलीमीटर झालं तर मूल रुजायची आशा. सात म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढंसुद्धा नाही. तेवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागलाय.

कापून काढलेले तुकडे बाटलीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात, लॅबमध्ये पोचवा म्हणून. बाटली पाहून नवरा पांढराफटक पडला. वन्संनी ती त्याच्या हातून घेतली आणि चष्म्याच्या डबीसारखी पर्समध्ये टाकली. किती आधार वाटला मला.

बुधवार, ५ तारीख

वन्संची शिस्त कडक. गोळ्यांची पाकिटं त्यांच्या कपाटात. सकाळी आठ आणि रात्री आठ, बशीत गोळी हजर. कालपासून पांढरी येते. कंपनी बदलली, म्हणाल्या. दवाखान्यातली कडू होती, ही गोड लागते. असेल बापडी. दुधावरची साय ओठाला लागली तर मला उलटी होते, हे ध्यानात ठेवून त्या दूध दोनदा गाळून देतात. इतकं सख्खी आईही करायची नाही.

सोमवार, १० तारीख

फुगा काढला. सोनोग्राफीत अस्तर तीन मिलीमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको, गोळ्या चुकवू नका, थोडं चाला, झोप नीट घ्या. वन्सं बाहेर बाकावर बसल्या होत्या. आकडा ऐकून त्यांनी नुसती मान हलवली.

आणि एक. घरात वास येतोय. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीतून, कुलूप असतं तिथून. उन्हात राहिलेल्या दुधाच्या कॅनचा येतो तसा, पण त्यात गोडूस रक्ताचा वास मिसळलेला. वन्संना सांगितलं तर हसल्या. तुझं नाक म्हणजे घरातली दुसरी सासू, म्हणाल्या.

गुरुवार, १३ तारीख

तुकड्यांचा रिपोर्ट आला नाही म्हणून दवाखान्यातून फोन. मी लॅबला विचारलं. त्या नावाची बाटली आमच्याकडे आलेलीच नाही, असं लॅबवाल्याने दोनदा सांगितलं. लॅबवाले बेशिस्त, हरवली असणार, असं वन्संचं म्हणणं. चाळीस वर्षांत असं कितीदा पाहिलंय म्हणे. बोलताना त्या हात धूत होत्या. नखांत गुलाबी काहीतरी अडकलं होतं, ते काडीने काढत होत्या. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १७ तारीख

दोन पूर्णांक आठ. कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, गोळ्या खरंच घेताय ना. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन रडले. वन्संनी पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या पदरालाही तो वास आहे.

मंगळवार, १८ तारीख

दुपारी वन्सं भाजीला गेल्या. किल्ली डब्यांच्या फळीमागे सापडली.

कोठीत उबारा होता, पिवळा दिवा लावलेला. गरम पाण्याच्या पातेल्यात ती बाटली. झाकण नाही. आतून काच दिसतच नव्हती, सगळीकडे गुलाबी, ओलं, मऊसर काहीतरी. ते तोंडातून बाहेर आलंय, फळीवर पसरलंय, फळीवरून भिंतीवर चढलंय. हातभर. तापल्या दुधावर धरते तशी साय, पण जाड, आणि तिच्यात बारीक लाल शिरा. शेजारी खलबत्ता. त्यात निळी पूड.

माझ्या गोळ्या. मला साखरेच्या गोळ्या घालून माझ्या गोळ्या याला चारल्या.

खिळ्याला वही अडकवलेली होती. वन्संचं नर्सचं वळणदार अक्षर. पाच मिमी. आठ. अकरा. चौदा.

मोरीत जाऊन ओकले.

वन्सं आल्या तेव्हा मी दारातच बसले होते. ना दचकल्या, ना रागावल्या. पिशवी ठेवून समजावायला लागल्या, इंजेक्शनच्या आधी समजावतात तसं. असलं कितीतरी मी स्वतः बादलीत टाकलंय, म्हणाल्या. तुझ्यासारख्या कितीजणी पाहिल्या, आत काही रुजत नाही. मग जिथे वाढतंय तिथे वाढू द्यावं. आहे तर तुझंच ना. घरात मूल आल्याशी कारण.

बुधवार, १९ तारीख

बॅग भरली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी हॅलो म्हटलं, आणि मी ठेवून दिला. काय सांगणार होते?

रिक्षा दारात आली होती. पण ते मागे ठेवून जायचं? माझ्यातलं, माझ्या गोळ्यांवर पोसलेलं? शिसारी आली, आणि तेवढाच संतापही. रिक्षावाल्याला थांबायला सांगून उलथनं घेतलं आणि कोठीत शिरले. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या.

खरवडलं. साल निघावं तसं निघत होतं, आणि खाली लाल, ओलं. उलथनं निसटलं. तळहात सोलला. तोल जायला लागला म्हणून हात खरवडलेल्या भिंतीवर टेकला—

सोललेल्या दोन जागा.

खांद्यावरच्या बॅगेतली ही वही डाव्या हाताने काढली. अक्षर वाचता आलं तर नशीब. उजवा हात निघत नाही. ओढला की माझीच कातडी ताणते आणि भिंतीवरचं तेही ताणतं, दुखतं मला दोन्हीकडे—

वन्संनी रिक्षा परत पाठवली.

गुरुवार

वन्सं खुर्ची घेऊन बसल्यात. आता याला रक्त मिळेल, म्हणाल्या. हेच कमी पडत होतं. हात मनगटापर्यंत गुलाबी झालाय. वास— वास आता येत नाही मला. नाकाला काय झालं—

आज मलाही निळी गोळी दिली. कडू. पहिल्यांदा खरी.

शुक्रवार

कोपर.

तळहाताखाली ठोके. माझीच नाडी असणार. वन्संनी घड्याळ धरलं. माझी नव्वद. ते एकशे चाळीस. पुन्हा मोजलं. एकशे चाळीस. पोटातल्या मुलाचे एवढेच असतात, म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

शनिवार?

खांदा. गाल टेकतोय, टेकू नये म्हणून मान— दुखते—

एकवीस मिमी, वन्संनी त्यांच्या वहीत लिहिलं. मला सात हवे होते फक्त

सुरी मागितली. वन्संनी लगेच आणून दिली, डाव्या हाताजवळ ठेवली. तुझं तू ठरव, म्हणाल्या. सुरी उचलली आणि आत काहीतरी वळलं. माझ्या हाताच्या बाजूला सरकलं. मला ओळखून

किळस यायला हवी. वाट बघतेय तिची. येईल. आली की लगेच कापीन, फक्त आत्ता ते झोपलंय आणि मी जरा