ओव्हनच्या बोर्डातल्या उलट्या तारा

बटण मी बंद केलं होतं. नऊ वर्षं हे सांगतेय आणि नऊ वर्षं माझा धाकटा दीर सावळीराम मान हलवून लोकांना म्हणतो, "जाऊ द्या, वहिनीच्या हातून राहिलं असेल, बाईमाणूस आहे." म्हणजे नवरा मीच मारला, फक्त मुद्दाम नाही मारला, एवढी सूट त्याने मला दिली. आतापर्यंत त्याला भाऊजी म्हणत आले. ह्या कागदात नुसतं सावळीराम लिहिणार आहे.

वकिलाने मृत्युपत्राचं पहिलं पान छापून दिलं होतं. त्यात देवाचं नाव आणि न कळणारे शब्द होते. ते पान मी बेकरीचे भाजायचे पत्रे पुसायला घेतलं. चौथी शिकले आहे, माझं मी लिहिते.

मी नवसाबाई गोरक्ष डेर्ले, वय चौपन्न, मूळ सायखेडा, राहणार गंगापूर रोड, नाशिक, लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे, मला कोणी दम दिलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारं कोणी उरलंच नाही. सतरा नोव्हेंबरला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. गाठ कसली ते उघडल्यावर कळेल म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी माझ्या नावाने दाखवलं तर ते खोटं.

पहिलं, दुकान. आतल्या गल्लीतला बेकरीचा गाळा माझ्या एकटीच्या नावावर आहे, माहेरचं सोनं मोडून घेतलेला. आत दोन कप्प्यांचा इलेक्ट्रिक ओव्हन, एक कॉइलची शेगडी, पत्रे, टेबल. ह्याच्यावर सावळीरामचा डोळा आहे. म्हणतो, "वायरिंग मी केलंय, माझाही घाम आहे त्यात." आहे. त्याच्या घामामुळेच हा कागद लिहावा लागतोय. दुकान कोणाला ते पुढे लिहिते. आधी घाम कसला ते सांगते.

सावळीराम वर्षभर अंबडला एका ठेकेदाराच्या हाताखाली वायरी ओढत होता. तेवढ्यावर स्वतःला वायरमन म्हणवायचा. आम्ही गाळा घेतला तेव्हा म्हणाला, "घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?" ओव्हनला उपसता येईल अशी पिन ठेवली नाही, तारा सरळ बोर्डात नेल्या. वर मोठं काळं बटण आणि लाल दिवा. मालकांना भावाचं लई कौतुक. गिऱ्हाइकाला बोर्ड दाखवायचे.

दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका घरून नानकटाईचं पीठ मळून आणतात, आम्ही भाजून देतो. त्या दिवशी दुपारी पंधरावीस डबे रांगेत होते आणि खालची कॉइल गेली. मालकांनी ओव्हन भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा खोलला.

"बंद केलं का गं?"

"केलं. घाला हात."

लाल दिवा विझलेला मी बघितला. वरची लाल कॉइल काळी पडत गेलेली बघितली. मालकांनी पान्यात नट धरला, दुसरा हात कॉइलच्या टोकाला लावला आणि तसेच राहिले. ओरडलेसुद्धा नाहीत. रांगेतल्या बायकांना वाटलं, आत वाकून काहीतरी बघताहेत.

दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. एक तास गेला, दीड तास गेला. लोक दूध देऊ म्हणाले, पोराला सांभाळू म्हणाले, काही नाही. मग सावळीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "वहिनी, दादाचा जीव अडकलाय. बटण चालू राहिलं ते कबूल करा, म्हणजे सुटेल." सासू छाती पिटत होती. माझा महेश, एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे बघत होता. मी हात जोडले आणि म्हटलं, "माझं चुकलं. बटण राहिलं." ऊन उतरलं होतं, पलीकडच्या बाभळीवरचे कावळे तेव्हाच खाली आले. सगळ्या सायखेड्याने पाहिलं. त्यानंतर कोणाला दुसरा पुरावा लागला नाही. मी खोटं का बोलले विचाराल, तर पिंड तसाच ठेवून मला घरी जायचं नव्हतं. चूक झाली असेल तर ती ही, आणि ती माझी.

अकरा महिने दुकान बंद होतं. ओव्हन दुरुस्त करणारा एक आला, म्हणाला, "मावशी, अपशकुनी आहे, भंगारात द्या." मग मी आणि लंकाबाई दोघींनी खोललं. लंकाबाई भोये, पेठकडची, माझ्याकडे पत्रे धुवायला होती. काळं बटण बंद होतं, लाल दिवा बंद. मी हात घालणार तेवढ्यात तिने माझ्या मनगटावर फटका मारला आणि टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बाय, हे तर जित्तं हाय," ती म्हणाली.

कॉलनीतल्या लखन वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला आणि एकेक तार टेस्टरने बघितली. "काकू, हे कोणी केलंय? तारा उलट्या आहेत." बटण करंट आणणाऱ्या तारेवर लावायचं असतं. सावळीरामने ते परत जाणाऱ्या तारेवर लावलं. बटण बंद केलं की कॉइल थंड होते, दिवा विझतो, सगळं मेल्यासारखं दिसतं. पण करंट कॉइलीपर्यंत येऊन उभाच असतो, माणूस शिवायची वाट बघत. लखन म्हणाला, "पाच मिनिटांत सरळ करून देतो." मी म्हटलं, "हात लावू नको. बाहेर मीटरजवळ वेगळा मेन बसव." बोर्ड तसाच आहे. मी त्याला कुलूप घातलंय. लखनने काय पाहिलं ते लिहून दिलंय, तो कागद यासोबत.

सावळीरामला हे माहीत नाही असं समजू नका. ज्याने उभ्या आयुष्यात कोणाला फुकट चहा पाजला नाही, तो माझं वायरिंग फुकट बदलून द्यायला तीनदा आला. "वहिनी, जुनं झालंय, धोका नको." मी विचारलं, "सगळं बदलता का?" "नाही, बोर्डाचंच फक्त."

दुसरं, हत्यारं. पाने, पक्कड, पेचकस, टेस्टर, तापणाऱ्या तारेवर ओवायच्या चिनी मातीच्या मण्यांची बरणी, सगळं लंकाबाईला. तिला येतं, तरी लिहिते, कारण ती घाई करते. आधी बाहेरचा मेन पाडायचा, मग टेस्टर लावायचा, मग हात. तारा सोडायच्या आधी कोणती कुठे आहे ते रंगीत दोऱ्याने बांधून ठेवायचं. नट गंजला असेल तर रॉकेलचे दोन थेंब टाकून चहा प्यायला जायचं, जोर करायचा नाही. जुनी कॉइल घेऊनच रविवार कारंज्याच्या बाजारात जायचं, तोंडी सांगितलं की दुकानदार आखूड देतो. शेगडीची कॉइल एकसारखी ओढायची, एका जागी पातळ झाली की तिथेच तुटते. तुटलेली पीळ देऊन जोडायची नाही. ओव्हनच्या दाराभोवतीची, आतली धग अडवणारी दोरी दर दिवाळीआधी बदलायची. मालकांना ह्यातलं अर्धंच येत होतं. चांगले होते, पण भावावर विसंबायचे.

तिसरं, मुलगा महेश. बापाला अग्नी देऊन तो काकाकडे राहायला गेला. लग्नाला मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं. पोरगी झाली तेव्हा मी दवाखान्यात गेले तर म्हणाला, "हात धुतलेस का?" त्याला मी नऊ वर्षांत बदललेल्या सगळ्या जळक्या कॉइली देते. पोत्यात भरून ठेवल्यात. एकेक मोजावी आणि प्रत्येक वेळी आई मेली नाही ह्याचं कारण शोधावं. दुसरं काही नाही. त्याच्या पोरीला माझे कानातले वेल, पण ते लंकाबाई देईल, पोरगी स्वतः दुकानात आली तर. बापाच्या हाती द्यायचे नाहीत.

चौथं, सासू सिंधुबाई. "माझ्या लेकाला हिने भाजला" हे तिचं पाठ आहे, पाहुणा आला की म्हणते. तिला जिवंत असेपर्यंत दर आठवड्याला एक पुडा कडक टोस्ट दुकानातून जावा. दात नाहीत ते मला माहीत आहे. बुडवायला चहा सावळीरामने द्यावा, बघू देतो का.

पाचवं, माझं मढं. सायखेड्याला न्यायचं नाही. इथेच जाळा, वीजदाहिनीत. दहावा करू नका, पिंड ठेवू नका. माझ्या नावाने पक्ष्याला विचारायचं कारण नाही, मी सगळं इथे लिहिलंय.

सहावं, दुकान आणि ओव्हन. दोन्ही लंकाबाई भोये हिला. नातं काही नाही. नऊ वर्षांत माझा हात धरून मागे ओढणारी ती एकटी. ह्याला एकच अपवाद आहे, तो सह्यांच्या खाली लिहिलाय आणि तोही ह्याच कागदाचा भाग धरावा.

लंकाबाईला साक्षीला घेतलं नाही, तिला मिळणार आहे म्हणून. खालच्या दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

नवसाबाई गोरक्ष डेर्ले (सही)

साक्षीदार: भिका सोनवणे, शेजारचं सायकलचं दुकान (सही)
साक्षीदार: सावित्रीबाई जाधव, त्या दिवशी रांगेत तिसऱ्या होत्या (अंगठा)

नाशिक, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

अपवाद. सावळीराम, ह्याची झेरॉक्स भिकाच्या हाती तुला पाठवतेय. वाच आणि दोनातलं एक कर.

एक, "बोर्डाच्या तारा मी उलट्या लावल्या, वहिनीने बटण बंद केलं होतं," एवढं तुझ्या हाताने लिही आणि घाटावर उभा राहून त्याच लोकांपुढे वाच, महेश समोर हवा. त्याबद्दल तुला काही मिळणार नाही. गावात तोंड दाखवायचं कसं ते तू बघ, मी नऊ वर्षं बघितलं.

दोन, वायरिंग बरोबर आहे असं म्हणायचं असेल तर दुकानात ये. बाहेरचा मेन चालू असेल, तुझं काळं बटण तू स्वतः बंद कर आणि खालची कॉइल उघड्या हाताने बदल. टेस्टर मिळणार नाही. भिका आणि सावित्रीबाई बघायला असतील. काम करून तू आपल्या पायांनी घरी गेलास तर दुकान तुझं, लंकाबाई हरकत घेणार नाही, तिचा अंगठा मागच्या पानावर आहे. मला तू येणार नाहीस हे माहीत आहे. का येत नाहीस ते मला तुझ्या तोंडून पाहिजे, आणि मी जिवंत असताना पाहिजे.

दोन्ही केलं नाहीस तर हा कागद लखनच्या कागदासकट सायखेड्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल आणि एक प्रत पोलिसांत जाईल. शनिवार, पंधरा नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत उत्तर दे.