शेवंतीची वरची दाढ

५ फेब्रुवारी १९८६, बुधवार

आज पुन्हा दवाखान्यातला बाक रिकामा. दातांचे डॉ. बुधवारी दुपारी वाड्यांवरच्या बायकामुलांचे दात फुकट बघायला तयार झाले, आमच्या महिला मंडळाने फक्त माणसं आणायची. आणि माणसंच येत नाहीत. एक आली होती, पक्कड दिसल्यावर चपला तिथेच टाकून पळाली. डॉ. हसले, पण असंच चाललं तर ते किती दिवस धीर धरतील?

भाजीवाल्या शेवंतीला सकाळी परत सांगून पाहिलं. भाजीची पाटी उतरवली तेव्हा डावा गाल टम्म फुगलेला. दुखऱ्या दाढेत मशेरी दाबून गावभर हिंडते. म्हणे, "वयनी, वरची दाढ काढली की नजर जाते. माज्या आयशीची गेली." आईला मोतीबिंदू असणार, म्हटलं. "आसंल," म्हणाली, आणि मुळ्याची एक जुडी जास्तीची ठेवून गेली.

७ फेब्रुवारी

रेडिओच्या बायकांच्या कार्यक्रमासाठी भाषण ध्वनिमुद्रित झालं. विषय मीच सुचवला होता, बायकांचे दात. नुसता उपदेश कोण ऐकणार, म्हणून शेवंतीची गोष्ट घातली. नाव नाही घातलं. बाकी सगळं घातलं: पाटी, मशेरीची डबी, आईचे डोळे. तिचं वाक्य तिच्याच आवाजात म्हटलं, दाढ ठणकत असताना ती अर्धे शब्द गिळते तसं. काचेपलीकडची माणसं हसली. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. घरी येऊन ह्यांनाही करून दाखवलं.

९ फेब्रु.

शेवंतीला सांगितलं, उद्या दुपारी रेडिओ लाव. केवढी खूश! "वयनी, तुमी रेडिओत? समद्या वाडीला सांगतंय." त्यात तूच आहेस, हे नाही सांगितलं. म्हटलं, ऐकेल तेव्हा गंमत वाटेल.

१२ फेब्रु., बुध.

बाकावर जागा नाही. पायऱ्यांवर बायका, कडेवर पोरं. डॉ. म्हणाले, "तुमच्या भाषणाची जादू."

शेवंतीची जाऊ कमळ धाकट्याला घेऊन आली होती. दोन दिवस भाजी नाही, शेवंती बरी आहे ना, विचारलं.

"घरात हाय." मग सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, "वयनी, तुमी नक्कल बरी करता हो! तिनंच आमाला गोळा केलान रेडिओपाशी. गूळपाणी दिलान समद्यांना. आता पोरं इहिरीवर तिला बगून तश्शीच बोलतात."

बाकावरच्या दोघीतिघी पदराआड हसल्या. त्याही भाषण ऐकूनच आलेल्या. मी मान खाली घालून नावं लिहीत बसले.

१३ फेब्रु.

गूळपाणी दिलंन तिने. दिवसभर डोक्यात तेवढंच.

हे म्हणाले, "अगं, नाव कुठे घेतलंस तू? आणि बायका आल्या की नाही?" आल्या. तिथेच तर मी अडते. चुकलं म्हणावं तर बाक भरलेला आहे. कमळच्या धाकट्याची किडलेली दाढ त्यामुळेच निघाली. मग गेलं काय? एका बाईचं बोलणं. जिने मला आपलं समजून सांगितलं, तिचं.

१५ फेब्रु.

रेडिओवरून निरोप. आणखी एक भाषण हवं आहे. "तसंच रंगवून." मी नाही म्हटलं असं इथे लिहिता यायला हवं होतं. बघते, म्हटलं.

१८ फेब्रु., मंगळ.

सकाळच्या एस्टीने वाडीत गेले. डॉ.ना काल सगळं सांगितलं होतं. म्हणाले, दाढेत पू झाला असणार, आता थांबलात तर जिवावर बेतेल.

शेवंती पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. वळली तेव्हा सूज डोळ्यापर्यंत चढलेली दिसली, डोळा अर्धा मिटलेला. आणि मी, त्या गालाला काय म्हणावं, कशासारखा लिहावा, ते शोधत होते. क्षणभरच. पण शोधत होते.

माफी मागितली. "आसूंदे," म्हणाली. पदर तोंडावरून हलला नाही. पुढे नुसतं हूं, नाय. एरवी पाटी उतरल्यापासून पाटी उचलेपर्यंत बडबडणारी बाई. माझ्या कानांपुढे तोंड उघडायचंच नाही, असं तिने ठरवलेलं.

कमळच बोलली. "दाढ तोंडात हाय तरी डोळा मिटला. काढल्यावर काय व्हईल, ह्येच घोकतेय."

डॉ.चं बोलणं सांगितलं. मी स्वतः उद्या न्यायला येते, म्हटलं. कोरा चहा निवून गेला. मग पदराआडून, हळू, एकेक शब्द नीट जुळवून, शहरातल्यासारखा:

"मी कमळबरोबर जाईन. तुम्ही तिथे येऊ नका."

१९ फेब्रु., बुध.

घरीच. डॉ.ना सकाळी सांगून आले, आज मी नसेन, शेवंतीला आधी घ्या. दुपारी चपला घातल्या, काढल्या. परत घातल्या. दवाखाना मागच्याच गल्लीत. नाही गेले.

उन्हं कलल्यावर कमळ दारात. एकटीच.

"बरफ हाय काय? डॉक्टरान गालाला लावायला सांगितलान."

"काढली दाढ?"

"काढली. पू बी लय निगाला."

"आणि डोळा?"

"उगडतच नाय ती. सूज उतरली की बगू, म्हणते. भ्याली हाय." थांबून म्हणाली, "डॉक्टर म्हणतो काय व्हत नाय. पण त्याचं आयकतेय कुठं!"

फ्रीजमधला ट्रे उलटा केला, बर्फ ह्यांच्या पंचात बांधला. ती कुठे आहे, विचारलं. कमळने हनुवटीने दाखवलं. समोरच्या गडग्यावर, दगडांच्या बुटक्या कुंपणावर, पाठमोरी.

"आत आण ना तिला. जरा पडू दे."

"नको. एस्टी हाय." पायरी उतरून मागे वळली, आवाज जरा मऊ. "पंचा मी आणून देईन."

खिडकीतून दिसत होतं. कमळने बर्फ हातात दिला, तिने गालाला धरला, मान आणखी खाली गेली. पाणी कोपरावरून ओघळून गडग्यावर पडत होतं. मी बघत उभी. पाठीवरून काही कळतं का, बघत होते.

मग खिडकी लावून घेतली.