लालातला हिरवा

४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

मनगटाचं ऑपरेशन पार पडलं. बोटं बधिर होत होती हे तुला कळवलं नव्हतं, उगाच घोर कशाला? पण परवा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा कळलं की सुई बोटात घुसली आहे. कुठल्या, ते शोधावं लागलं! शिंप्याचं याहून हसं ते काय? सर्जन म्हणाले, नस दबली होती, मोकळी केली. आतला एक तुकडा कसल्याशा लाल रंगात बघायला तुमच्याच लॅबमध्ये पाठवलाय. घरचं गिऱ्हाईक आहे, नीट रंगव.

आमच्या ठमीचं लग्न ठरलं. मुलगा शांत आहे, आपल्या घरात तेवढीच उणीव होती.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

९ एप्रिल

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा फोन आला. सर्जनांनी समजावलं त्यातलं तुझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही म्हणे. फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहिते.

त्या रंगाचं नाव काँगो रेड. कारखान्यात बनवलेला, मुळात सुती कापडासाठी. आंबट लागलं की निळा पडायचा, म्हणून कापडवाल्यांनी टाकला आणि आम्ही उचलला. शरीरातलं एक प्रथिन चुकीची घडी पडून साठत गेलं, तर हा रंग त्याला धरून बसतो. तुझ्या तुकड्याची काच मीच रंगवली. नुसती लालसर दिसत होती. आमच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला खास काच लावून फिरवली आणि त्या लालातून हिरवं चमकलं, हीच त्याची खूण. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

आता रक्ताच्या तपासणीतही तेच आलंय. हे आईबापांकडून वारशाने येतं, दादा. आबांच्या हातून कपबशा पडायच्या आणि आपण हसायचो, आठवतं? मग पाय गेले, मग हृदय. तुझ्यासाठी औषध आहे. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं पुष्कळ थोपवता येतं. ठमीलाही असण्याची शक्यता निम्मी. तिला सांग.

रागावलास तरी लोभ असू दे.

बारकी

१४ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

औषध घेईन. ठमीला मात्र लग्न होईपर्यंत अवाक्षर कळता कामा नये. व्याह्यांच्या कानावर गेलं तर ते आल्या पावली परत जातील. आबांनी कुठे रोगाचं नाव ऐकलं होतं? संसार केलाच ना? तुझी काच, तुझा रंग तिकडेच ठेव आणि तोंडाला टाका घालून बस. पोरगी माझी आहे.

दादा

२० मे

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझं रक्त तपासून घेतलं. मला नाही. चिठ्ठी हातात घेऊन जिन्यातच बसले. तुझ्या ताटातलं चोरल्यासारखं वाटलं. कळवू की नको, असं चाललं होतं.

ठमी येऊन गेली. बाबा हल्ली नजरेला नजर का देत नाही, असं तिने विचारलं. त्यालाच विचार म्हटलं. तुझा शब्द पाळलाय, पण पुन्हा विचारलं तर खोटं बोलणार नाही. आबांना ठाऊक असून त्यांनी तुझ्यापासून लपवलं असतं, तर तुला चाललं असतं का?

एवढं लिहिल्यावर लोभ कोणत्या तोंडाने मागू? तरी मागते.

बारकी

२८ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

वेडे, चांगली बातमी अशी सुतक्यासारखी कळवतात का? वहिनीला दोनदा वाचून दाखवली. आपल्या दोघांत एक तरी सुटलं!

ठमीला सांगितलं. दुकान बंद करून समोर बसवलं, पण सुरुवात जमेना. शेवटी तिनेच विचारलं, बाबा, तू मरणार आहेस का? मग सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. ती चिडली. इतके दिवस कळू न देणारा मी कोण, म्हणाली. खरंच होतं, ऐकून घेतलं. तपासणीला ती स्वतःच गेली. काल कळलं. तिला आहे.

लग्न ठरलेल्या मुलाला तिनेच सांगितलं. तो आज दुकानात आला. औषधाचं नाव विचारलं, कागदावर लिहून घेतलं, माझा हात हातात घेऊन कुठली बोटं बधिर आहेत ते विचारलं आणि गेला. त्याच्या घरचे काय ठरवतील, कोण जाणे. ठमी आत होती. बाहेर आली नाही. आता दार लावून बसली आहे, वहिनीलाही उघडत नाही. तुला उघडेल.

लोभ कागदावर पुष्कळ झाला. मिळेल त्या गाडीने ये.

दादा